लाल कोटात चिमूटभर हिरवा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे रंगवून देण्याचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं. एरवी लहानथोर सगळे तिला पक्काताई म्हणतात. गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक दाराबाहेर पाय टाकताना विचारायचं, "रंग पक्का ना हो ताई?" आणि ती मान वर न करता सांगायची, "पक्का." एवढंच. शिक्का मारल्यासारखं.

मी तिच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीतून तिच्या दुकानाचं दार, कपडे वाळत घालायची दोरी आणि रस्त्याचं टोक, तिन्ही दिसतात. त्यामुळे माझ्याविषयी तुमच्या कानावर जे काही आलं असेल ते खरं आहे. पक्काताई मला भोंगा म्हणते. आमचे हे म्हणतात, भोंगा निदान ठरलेल्या वेळी वाजतो. असो. आज वाजायला मला स्वतःलाच जड जातंय, पण सांगून टाकते.

पक्काताईच्या दुकानात शिरलं की आधी वाफ तोंडावर येते, मग व्हिनेगरचा वास, आणि मग ताई. उंच, हाडकुळी, बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या, हातात काठी. मागच्या भिंतीला चार हंडे. त्यातला शेवटचा भिंतीपासून वेगळा, कोपऱ्यात, शिक्षा केल्यासारखा. तो लालचा. त्याची काठी वेगळी, फडकं वेगळं, आणि वारही वेगळा. लाल फक्त गुरुवारी.

"एवढं सोवळं कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"लालला शेजार कळत नाही," ती म्हणाली. "पांढऱ्याजवळ ठेव, त्याला गुलाबी करून बसतो. पिवळ्याजवळ ठेव, त्याला भगभगीत करतो. तुझ्यासारखाच आहे. जिथे जाईल तिथे स्वतःचं काहीतरी सोडून येतो."

दुसरी एक शिस्त तिला बापाने घालून दिली होती. कुठलाही कपडा हंड्यात जाण्याआधी, शिंपी शिवणीच्या आत जादा कापडाची जी माया सोडतो, तिच्यातून नखाएवढा तुकडा कापायचा आणि नमुन्याच्या वहीत टाचणीने लावायचा. शेजारी रंगून झाल्यानंतरचा तुकडा. आधीचा आणि नंतरचा. अशा जाडजूड वह्या तिच्या कपाटात ओळीने उभ्या आहेत. अर्ध्या गावाची अब्रू त्यांत टाचून ठेवलेली आहे म्हणा ना.

कारण लाल मागायला येणारा माणूस कधी नुसता लाल मागत नाही, हे मी त्या दुकानात स्टुलावर बसून शिकले. एक वकील काळ्या कोटाला आतून लाल अस्तर लावायचं म्हणून कापड रंगवून घेऊन गेला. "बाहेरून अजिबात दिसता कामा नये हं," असं तीनदा बजावून गेला. मग कशाला हवं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एक बाई नवरा सोडून गेल्यावर आपला लाल पोशाख घेऊन आली, म्हणाली, तपकिरी करून टाका, मातीसारखा. ताईने केला. आठ महिन्यांनी तीच बाई हसत हसत परत आली. नवरा परतला होता. पोशाख पुन्हा लाल करून हवा होता.

"लाल मागे फिरत नाही," ताई म्हणाली. "तो पुढेच जातो. तपकिरी, मग काळा. नवरे फिरतात, ते वेगळं."

ती बाई गेल्यावर आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ते वाक्य मी पुढे बरेच दिवस आपलं म्हणून वापरलं.

स्वतः ताईच्या अंगावर मात्र लाल कधी कोणी पाहिला नाही. तिच्या धाकट्या बहिणीच्याही नाही. त्यालाही कारण होतं. बापाच्या वेळी लाल सतरंज्यांचं काम फार यायचं. बापाचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, साबणाने घासले तरी निघायचे नाहीत. एकदा पाऊस आला म्हणून तो मुलींना शाळेतून घ्यायला गेला. फाटकाच्या गजांवर ते हात पाहून एक पोरगी किंचाळली आणि तिथून पुढे या दोघी 'खाटकाच्या पोरी' झाल्या. शाळा संपेपर्यंत. ताईने तेव्हाच ठरवलं, आपण लोकांच्या नजरेत भरायचं नाही. आई लवकर गेली होती, बाप नंतर गेला, आणि नऊ वर्षांनी लहान असलेल्या धाकटीला ताईने वाढवलं, शिकवलं, आणि आपल्याबरोबर तिच्याही अंगावर राखाडी रंग घातला. धाकटी एका शाळेच्या कचेरीत टंकलेखन करायची. ती रस्त्याने गेली तर भिंतीचाच एक तुकडा सरकतोय असं वाटायचं. हेही माझंच वाक्य. तेव्हा सगळे हसले होते.

आणि अशा या धाकटीला एक्कावन्नाव्या वर्षी कुलूपवाला भेटला.

दुकानामागेच दोघी बहिणी राहायच्या; त्यांच्या मागच्या दाराचं कुलूप अडलं होतं. कुलूपवाला आला, विधुर माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं मऊ. वीस मिनिटांचं काम त्याने अडीच तास पुरवलं. पुढल्या आठवड्यात ते कुलूप पुन्हा अडलं. त्याच्या पुढल्या आठवड्यातही. मी ताईला म्हटलं, "ताई, तुमच्या दाराचं दुखणं काही कुलपात नाही."

"मग कशात आहे?"

"कुलूपवाल्यात."

ताई हसली नाही. काठी हंड्याच्या काठावर आपटून आत गेली. मला समजायला हवं होतं. बेचाळीस वर्षं ज्या पोरीची वेणी घातली, डबा भरला, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ती उठून दुसऱ्याच्या घरी जाणार म्हटल्यावर कुणाला हसू येईल? पण मी गॅलरीत उभी राहून कुलपांचे विनोद करत होते.

कुलूपवाल्याला एक लग्न झालेली मुलगी होती, दुसऱ्या गावात राहणारी. तिचा होकार मिळाल्याशिवाय बापाचा पाय पुढे पडत नव्हता. मुलीने कळवलं की मी रविवारी येते, आधी त्यांना एकटीच भेटते, बाबा तुम्ही मध्ये नकोत. धाकटीने तिला पत्र लिहिलं. तेव्हा खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते. पत्रात लिहिलं, स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली मी अकरा वाजता उभी असेन, लाल कोट घालून.

कोट तोपर्यंत घेतलाच नव्हता. आधी लिहून टाकलं, मग घ्यायला गेली. आयुष्यात धाकटीने केलेलं हे एकमेव धाडस.

सोमवारी दुपारी मी गॅलरीत मिरच्या... नाही, खरं सांगायचं तर काहीच करत नव्हते, नुसती उभी होते. रस्त्याच्या टोकाला काहीतरी लाल दिसलं. जवळ येत गेलं तसं ते धाकटी झालं. दुकानातच कोट अंगात घालून ती तशीच चालत आली होती. मान सरळ, हात कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घातलेले. फळवाला हातातला तराजू तसाच धरून बघत राहिला. समोरच्या सायकलवाल्याने टोपी काढली, आणि तो टिंगल करत नव्हता. मी वरून ओरडले, "अगंबाई! कोण आलंय हे?" धाकटीने वर पाहिलं आणि तिचे गाल कोटाच्या रंगाचे झाले.

तो लाल कसा होता, ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. डाळिंब फोडल्यावर आतला दाणा उजेडात धरावा, तसा. खोल. त्याच्या तळाशी कुठेतरी निळसर झाक होती. नजरेत भरायचा, पण खुपत नव्हता.

मी जिना उतरून धावत खाली गेले. असले प्रसंग मी चुकवत नाही.

ताई दारात उभी होती. तिचा चेहरा असा की जणू धाकटी पेटलीच आहे आणि आता पाणी कुठून आणू.

"हे काय घातलंयस?"

"कोट."

"ते दिसतंय. सगळ्या गावाला दिसतंय. एवढा भडक? या वयात? नुसता आगीचा बंब!"

आता बघा. मला तो रंग भडक दिसत नव्हता. माझे डोळे ठणठणीत होते. पण ताई रंगारीण, बापापासूनची रंगारीण. तिच्यापुढे रंगाचं बोलायची माझी काय टाप? आणि बंब म्हटल्यावर माझ्या जिभेला चेव आला.

"घंटा तेवढी लाव गळ्यात," मी म्हटलं. "लोक बाजूला होऊन रस्ता देतील."

धाकटी हसली. थोडंसं. मग म्हणाली, "ताई, मला एकदा लांबून दिसायचंय. एकदाच." कोट काढून तिने ताईच्या हातात दिला. "काचेच्या कपाटात टांगलेला होता, खांद्यांवर धूळ बसलीय. जरा वाफ देऊन ठेवशील? रविवारी घालायचाय."

इथे मला थोडं मागे जायला हवं. त्याच्या दोन महिने आधी मी ताईकडे पडदे रंगवायला टाकले होते. आकाशी सांगितले होते. परत आले ते शाईत बुडवल्यासारखे, गडद निळे. खोलीत भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. मी ताईला काही बोलले नाही. पण इमारतीतल्या एकूण एक माणसाला बोलावून ते पडदे दाखवले. "ताईचं आकाश बघा, अमावास्येचं आहे!" धोबीणही म्हणाली होती, हल्ली ताईंचे निळे फार गडद येतात. शिंपी म्हणाला होता, परवा पांढऱ्याला पिवळसर म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. ताईचा हात म्हातारा झाला, एवढंच आम्हाला वाटलं, आणि जे वाटलं ते तिला सोडून सगळ्यांना सांगितलं.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. हळूहळू, वर्षानुवर्षं. पिवळ्या काचेतून बघावं तसं जग झालं होतं तिचं, आणि इतक्या सावकाश झालं होतं की तिला कळलंच नाही. निळा तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून ती निळ्यात निळा ओतत राहायची. आणि डाळिंबी लालमधली ती तळाची निळी झाक तिच्या डोळ्यांनी खाऊन टाकली होती. तिच्यापुढे उरला होता तो खरोखरच आगीचा बंब. हे सगळं डॉक्टरांनी नंतर समजावलं. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुवार आला. लालचा वार. धाकटी कचेरीत गेलेली. ताईने मायेतला तुकडा कापून वहीत लावला आणि कोट कोपऱ्यातल्या हंड्यात सोडला.

तिच्या मनात काय होतं ते तिने मला पुढे सांगितलं. कोट बिघडवायचा नव्हता. थोडा उतरवायचा होता. स्टेशनवर त्या परक्या पोरीने वरखाली बघून नाक मुरडू नये, म्हणून. भडक लाल उतरवायचा तर त्यात चिमूटभर हिरवा घालतात, हे सगळ्या रंगाऱ्यांना ठाऊक असतं. हिरवा लालचं तोंड बंद करतो. तिने चिमूटभर घातला. ढवळला, बाहेर काढून खिडकीशी धरला. अजून भडक. आणखी चिमूट. अजून भडकच. आणखी.

चारला मी खाली गेले तेव्हा कोट दोरीवर होता.

वाळलेल्या रक्ताचा रंग पाहिलाय? पट्टी दोन दिवसांनी काढल्यावर दिसतो तो? तसा.

"कसा उतरलाय बघ," ताई म्हणाली. समाधानाने! "आता कसा घरंदाज दिसतोय."

मी तोंड उघडलं. आयुष्यात एकदाच बोलायची खरी गरज होती, आणि भोंगा मुका झाला. मी म्हटलं, "तू म्हणतेस तर तसं." आणि वर जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस?" मी म्हटलं, "मी कशाला वाईट होऊ?"

संध्याकाळी धाकटी आली. मी जिन्यातच होते, योगायोगाने. ती दोरीपाशी थांबली. कोटाची बाही हातात घेतली, उलटी केली, शिवण पाहिली.

"ताई, काय झालं हे?"

आणि इथे ताईने दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. धाकटीचा चेहरा पाहून ती घाबरली. म्हणाली, "कच्चा होता गं रंग. वाफ दिली आणि गेला. अशी दुकानं फसवतात."

धाकटी रंगाऱ्याचीच मुलगी. ती आवाज न चढवता म्हणाली, "रंग गेला तर फिका होतो, ताई. गडद कसा होईल?"

ताई काठी घेऊन रिकामा हंडा ढवळायला लागली. रिकामा! मला वरपर्यंत खडखड ऐकू येत होती.

रविवारी धाकटी तोच कोट घालून स्टेशनवर गेली. दुसरा आणायला ना वेळ होता ना जीव. घड्याळाखाली अकरापासून साडेबारापर्यंत उभी राहिली. त्या मुलीचा तिने एकच फोटो पाहिला होता, लांब केसांचा, आणि केस मुलीने मध्यंतरी कापले होते. पुढे कळलं ते असं, की मुलगी लाल कोट शोधत घड्याळाखालून तीनदा गेली, आणि परतीची गाडी पकडून निघून गेली. धाकटी कुणा परक्या बाईला हटकून विचारणाऱ्यांतली नव्हती. गर्दीत न दिसण्याची तिला सवय होती, आणि त्या दिवशी ती सवय तिच्या उपयोगी पडली, असंच म्हणायचं.

नंतर पत्रं गेली, माफी गेली. मुलीने बापाला लिहिलं, "कोटाचा रंग बदलला म्हणे! यायचं नव्हतं तर निदान बरी थाप तरी मारायची." तुम्हीच सांगा, कोणाला खरं वाटेल?

लग्न वर्षभर लांबलं. मग झालं, सरकारी कचेरीत, चार माणसांत. मुलगी आली नाही. आजतागायत त्या घरची पायरी चढलेली नाही. कुलूपवाल्याने दुसऱ्या गावी दुकान काढलं, बसने तीन तासांवर. निघताना धाकटीने ताईला वाकून नमस्कार केला, रस्त्याच्या टोकापर्यंत रडलीसुद्धा, पण पुन्हा राहायला कधी आली नाही. वर्षातून दोन पत्रं यायची. 'प्रकृतीस जप.' खाली सही. ताई ती पत्रं मला वाचायला द्यायची. अक्षर बारीक आहे म्हणायची. मी वाचून दाखवायचे आणि दोन ओळी पदरच्या घालायचे, 'तुझी आठवण येते' वगैरे. ताई म्हणायची, "खोटारडे, दे ते इकडे."

त्या कोटानंतर सहा वर्षांनी ताई दुकानाच्या पायरीवरून पडली, तेव्हा कुठे डोळे तपासले गेले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन महिन्याभरात झालं. मीच घेऊन गेले, मीच घेऊन आले. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी ती दुकानात शिरली आणि थेट वह्यांच्या कपाटाशी गेली. उत्तरेच्या खिडकीखाली वही उघडली. पान, पान, पान. मी चहा करून आणला तो तसाच निवला. सहा-सात वर्षांचे नमुने. शाईसारखे आकाशी, चिखलासारखे जांभळे. मधूनच ती नुसतं "अरे देवा" म्हणायची.

मग ते पान आलं. दोन तुकडे, आधीचा आणि नंतरचा.

तिने आधीचा तुकडा टाचणीसकट काढून तळहातावर घेतला. खिडकीशी नेला, परत आणला.

"हा कुठला लाल?" तिने मला विचारलं.

"डाळिंबी," मी म्हटलं.

"तेव्हाही डाळिंबी होता?"

"हो."

"तू तर घंटा लाव म्हणाली होतीस."

"तू बंब म्हणालीस, म्हणून मी घंटा म्हणाले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. नव्या डोळ्यांनी. फार स्वच्छ दिसत असणार मी.

त्यानंतरचे तीन आठवडे दुकान बंद होतं. ताईने पांढऱ्या लोकरीचा कोट आणला, धाकटीच्या जुन्या मापाचा, आणि आधी चिंध्यांवर रंग लावून बघायला सुरुवात केली. एकवीस चिंध्या झाल्या. एकही हिरव्याचा कण नाही, फक्त लाल आणि अंदाजाने निळा. प्रत्येक चिंधी घेऊन ती जिना चढून वर यायची, माझ्या दारात उभी राहायची. "खरं सांग. विनोद नको." मी सांगायचे. बाविसावी जमली. तुकड्याशेजारी धरली तर कुठला कुठला ते कळेना. कोट रंगवला त्या दिवशी तिने हंडा शिजत असताना एकदाही पाठ टेकली नाही.

आम्ही दोघी बसने गेलो. कोटाचं पुडकं तिने मांडीवर धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं. मी एरवी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसावर बोलते. त्या दिवशी बोलले नाही.

धाकटीने दार उघडलं. मी ओळखलंच नाही. मोठ्या दुखण्यातून उठली होती, पत्रात कधी लिहिलं नव्हतं. गाल आत गेलेले, मनगटं काड्यांसारखी. कुलूपवाले दुकानात होते. लहानशी खोली, टेबलावर किल्ल्यांचे जुडगे, आणि खुंटीला तो कोट. वाळलेल्या रक्ताचा. सहा वर्षं वापरलेला, कोपराला ठिगळ.

ताई बसली नाही. सरळ खुंटीपाशी गेली. कोटाच्या शिवणींवरून बोट फिरवत राहिली. शिवणीचा दोरा लालच राहिला होता. सगळ्या कोटभर, कॉलरपासून खालच्या काठापर्यंत, डाळिंबी टाक्यांची बारीक रेघ.

"दोरा सुती असतो," धाकटी म्हणाली. "लोकरीला चढतो तो रंग घेत नाही. बाबांनी शिकवलेलं."

"मला तेव्हा दिसला नव्हता," ताई म्हणाली. मग सगळं सांगितलं, उभ्यानेच. "मी हिरवा घातला होता. कच्चा नव्हता रंग. मी खोटं बोलले."

"ते ठाऊक आहे."

"डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला तो भडक दिसला गं. खरंच भडक दिसला."

"हे नव्हतं ठाऊक," धाकटी म्हणाली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, डोळे चांगले असते तर हिरवा घातला नसतास?"

मला वाटलं, म्हण. म्हण की नसता घातला. काय बिघडतंय? मी असते तर पटकन म्हटलं असतं.

ताईने खुंटीवरच्या कोटाची बाही सरळ केली. म्हणाली, "थोडा घातला असता."

धाकटीने मान हलवली. रागाने नव्हे. एखादी अडलेली गोष्ट मोकळी झाली की आपण हलवतो तशी.

मग पुडकं उघडलं. खोलीत एकदम उजेड झाल्यासारखं वाटलं. धाकटीने दोन्ही हात तोंडावर नेले. ताईने स्वतः तिच्या अंगात कोट चढवला, लहानपणी चढवायची तसा, आधी उजवा हात, मग डावा. रंग तंतोतंत तोच होता. पण खांदे उतरले, बाह्यांत बोटं गडप झाली. आतलं माणूस सहा वर्षांत निम्मं झालं होतं आणि ताईने माप जुनंच धरलं होतं.

"दुकानापासून घरापर्यंत चालत आले होते," धाकटी आरशात बघत म्हणाली. "तेवढाच घातला मी लाल. पंधरा मिनिटं असतील."

"सैल होतोय गं," ताई घाईघाईने म्हणाली. तिचे हात कोटाच्या पाठीवर चिमटे घेऊन माप घ्यायला लागलेसुद्धा. "काढ, मी नेते. आत घेऊन चार दिवसांत पाठवते. दे इकडे."

धाकटीने कोट काढला. हातावर घेतला. ताईने दोन्ही हात पुढे केले होते. धाकटीने त्या हातांकडे पाहिलं, मग कोटाची घडी घातली, सावकाश, आणि छातीशी धरली.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "इथे कोपऱ्यावर शिंपी आहे. त्याच्याकडे देईन."

फार मायेने म्हणाली. म्हणूनच ते इतकं लागलं.

परतीच्या बसमध्ये ताईच्या मांडीवर नुसता पुडक्याचा कागद होता. ती त्याच्या घड्या करत होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "तुझे पडदे आकाशी सांगितले होतेस ना?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. "हो."

"पट्टी काढली त्या दिवशी रस्त्यावरून दिसले मला. किती लोकांना दाखवलेस?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "तुला सोडून."

"मला दाखवले असतेस तर मी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेले असते, भोंग्या," ती म्हणाली. एवढंच. वर शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुकान पुन्हा सुरू झालं. आजही गिऱ्हाईक विचारतं, "रंग पक्का ना हो ताई?" पण ती आता तो शब्द उच्चारत नाही. म्हणते, "उजेडात नेऊन बघा, आणि मला खरं सांगा." लोक "छान आहे, छान आहे" म्हणून निघून जातात. खरं सांगायला तिने मला नेमलंय. रोज दुपारी मी स्टुलावर बसते आणि ती खिडकीशी कपडा धरते. माझे पडदेही तिने नवीन कापडावर आकाशी करून दिले. जुने मी फेकले नाहीत.

धाकटीची पत्रं येतात, वर्षातून दोन. ताई आता स्वतः वाचते. कोटाचं त्यात कधी काही नसतं. तो त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेला, की कपाटात तसाच सैल टांगलेला आहे, कोण जाणे. बसने तीन तासांचं अंतर; जाऊन बघता येईल. पण गावभरची खबर काढणारी मी, ही एक खबर काढायला अजून धजावलेली नाही.